घर आजोबांच्या नावावर, विमा कोणाच्या?

बंदीचे दिवस आहेत. १ जूनपासून बोटी वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला पसरलीत. बोटीच्या विम्याची तारीख आम्हां सगळ्यांना पाठ असते, कारण कर्ज असतं आणि बँक विचारते. घराच्या विम्याचं कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीही गप्प.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्यातल्या एकाच्या घरावर माड पडला. कौलं, वासे, सगळं खाली. विमा होता, हप्ता तोच भरायचा. पण पाहणीला आलेल्या माणसाने घराचे कागद मागितले आणि गाडी अडली. घर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. मागे वडील, दोन काका, लग्न होऊन गेलेली आत्या. धाकटा काका जहाजावर. सह्या गोळा होईपर्यंत दोन पावसाळे ताडपत्रीखाली गेले.

"हप्ता मी भरला, मग पैसे मला का नाहीत?" तो अजून विचारतो. राग आम्हाला कळतो. पण खरं सांगायचं तर, विमा हप्ता भरणाऱ्याचा नसतो, ज्याचं नुकसान होतं त्याचा असतो. घरात आपला हक्क किती, हे दाखवावंच लागतं. फॉर्म भरताना एजंटाने विचारलं नाही हे खरं, पण आपणही सांगितलं नाही.

घरपट्टीची पावती आपल्या नावाने येते म्हणून घर आपलं, असं आम्हीही वर्षानुवर्षं धरून चाललो. ती पावती कराची, मालकीची नव्हे. आणि गोव्याच्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. बहुतेक ठिकाणी जावयाची, सुनेची सहीसुद्धा लागते. "आत्येचा काय संबंध?" म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आमचं मत असं: सक्सेशन डीड करून घ्या, पण ते होईपर्यंत विम्यासाठी थांबू नका. कंपनीला आधीच लेखी सांगा की घर मयत आजोबांच्या नावावर आहे, वारस इतके आहेत. जमेल तर पॉलिसी सगळ्यांच्या नावाने घ्या. भाटकाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून राहत असाल तर तेही लिहा. जमीन त्याची असली तरी माड पडतो तो तुमच्या घरावर.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. आग, वादळ, पूर त्यात येतात. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या भावावर नाही. किनाऱ्यावर जागा कोटीची असेल, कंपनी भिंती आणि छपराचे पैसे देणार. सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण ते घरगुती सामान! पडवीत ठेवलेलं आउटबोर्ड इंजिन आणि जाळी धंद्याची, त्यांचं वेगळं विचारा. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देत असाल तर तेही लपवू नका.

चवथीला सगळे मूळ घरात जमतात. आत्या येते, जहाजावरचा काकाही जमलं तर सुट्टी काढून येतो. आरती झाली की कागद काढा. जेवणाआधीच, नंतर सगळे झोपतात.