बंदिस्त शेती आणि विजेचा हिशेब

दिल्ली परिसरातील शाखेत कर्ज विभागाचे काम पाहू लागल्यापासून एका नव्या प्रकारच्या शेतीचे प्रकल्प अहवाल वरचेवर माझ्यासमोर येतात. सोनीपत भागात एकेकाळी केवळ हिवाळ्यात, गवताच्या छपराखाली होणारी बटण अळिंबी आता वातानुकूलित खोल्यांत बारमाही घेतली जाते. गुरुग्राम, नोएडा येथे बंद खोलीत दिव्यांच्या प्रकाशावर पालेभाज्या पिकवल्या जातात. या अहवालांत बियाणे, मांडण्या, विक्री यांचा तपशील पानोपानी असतो. विजेसाठी मात्र ‘वायरिंग व किरकोळ खर्च’ एवढीच एक ओळ! माझ्या मते या ओळीवरच सारा प्रकल्प उभा असतो.

पालेभाज्यांच्या एका खोलीचा हिशेब पाहू. 150 वॅटचे 24 दिवे म्हणजे 3,600 वॅट, वातानुकूलनाची दोन यंत्रे 4,000 वॅट आणि पंखे, पंप इत्यादी 1,000 वॅट. एकूण 8,600 वॅट. 230 व्होल्टने भागले असता सुमारे 37 अँपिअर येतात. पॉवर फॅक्टर धरल्यास थोडे अधिकच. हा भार रोज तासन्‌तास अखंड चालतो. म्हणून तो ब्रेकरच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आत राखणे शहाणपणाचे. म्हणजेच किमान 47 अँपिअरची तरतूद हवी. हाच भार तीन फेजांत समान वाटला, तर प्रत्येक फेजवर जेमतेम 12-13 अँपिअर येतात. त्यामुळे थ्री-फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार यांचा अर्ज यंत्रखरेदीच्या आधी व्हावयास हवा.

ब्रेकर यंत्राचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माझ्या पाहण्यातील एका कर्जदाराच्या खोलीत जून महिन्यात 20 अँपिअरचा ब्रेकर वारंवार पडू लागला. कारागिराने तार तीच ठेवून 32 अँपिअरचा ब्रेकर बसविला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अडीच चौरस मिलिमीटरच्या त्या तारेचे आवरण सांध्यापाशी वितळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु वातानुकूलन बंद पडून उभे पीक गेले आणि हप्ते थकले.

येथील हवामानही ध्यानी घ्यावे लागते. ब्रेकरची क्षमता सामान्यतः 30 अंश सेल्सिअस तापमान धरून ठरविलेली असते, तर दिल्लीचा उन्हाळा 45 अंशांवर जातो. उष्णतेत आणि एकाच नळीतून अनेक तारा नेल्यास तारेची वहनक्षमताही घटते. म्हणून तार एक माप जाड घ्यावी, पॅनेल दमट खोलीबाहेर हवेशीर जागी बसवावे, पाण्याजवळच्या सर्किटांना 30 मिलिअँपिअरचे गळतीरक्षक उपकरण आणि सर्वत्र योग्य अर्थिंग असावे.

अधिक कागद मागितल्यास मंजुरीस विलंब होतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. तथापि दिव्यांचे दरपत्रक आपण मागतोच. त्यासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीचा एक पानी भारतक्ता मागण्यास कितीसा वेळ लागणार? प्रत्येक सर्किटचा भार, तारेचे माप आणि ब्रेकरची क्षमता एवढेच त्यात असावे. ग्राहकांनी तो स्वतःहून जोडावा आणि आम्ही अधिकाऱ्यांनी तो वाचावा. कारण तार जळते तेव्हा ग्राहकाचे भांडवल आणि बँकेचे कर्ज एकाच वेळी जळत असते.