जोर आणि पकड

मागल्या दिवाळी अंकात याच सदरात मी पुणे ते सांगली या आगगाडीच्या प्रवासावर लिहिले होते. आदर्कीच्या घाटात दिसलेल्या एका मालगाडीचे वर्णन त्यात होते. पावसाळी संध्याकाळ, मागे वाघिणींची न संपणारी रांग, पुढे दोन डिझेल एंजिने आणि आभाळाला काळे फासणारा त्यांचा धूर. त्या भरात मी लिहून गेलो होतो की, एवढ्या ओझ्यापुढे बिचाऱ्या एंजिनांचा जोर अपुरा पडत होता.

अंक निघून महिना झाला असेल, मिरजेहून एक पत्र आले. अक्षर मोठे, ओळी सरळ.

‘सरांना नमस्कार. लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो. एंजिनाला जोर कमी पडत नव्हता, पकड कमी पडत होती. हे दोन निराळे. मी अडतीस वर्षे एंजिनावर काढली आहेत. मिरजेस आलात तर समजावून सांगीन.’

साहित्याच्या प्राध्यापकाला चूक दाखवणारी पत्रे नवी नाहीत. परंतु बहुधा ती ऱ्हस्वदीर्घाची असतात. ‘हे दोन निराळे’ हे तीन शब्द मात्र माझ्या मनात रुतून बसले. दोन शब्दांतला भेद समजावून सांगण्यावर ज्याचे पोट चालते, त्याला असा एक भेद एका ड्रायव्हरने शिकवावा! माझी नोकरी साताऱ्याला आणि घर सांगलीला. उन्हाळ्याच्या सुटीत एका सकाळी मी मिरज गाठली.

गृहस्थ व्हरांड्यात वाटच पाहत होते. चहा आला. मी वही उघडली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो बैलांचा.

“सर, तुम्ही सांगलीचे. उसाची गाडी चढावर बघितलीय की नाही?”

पाहिली होती. हंगामात कोणी पाहिलेली नसते? डांबरी रस्त्याचा चढ लागला की बैलांचे नाल ठोकलेले खूर सटासट घसरतात, एखादा बैल गुडघ्यावर येतो.

“तेव्हा त्या बैलाच्या अंगात जोर नसतो का?”

“असतो.”

“मग कशानं अडतो? खूर धरत नाही म्हणून. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ, आमचंही तेच. एंजिन कितीही दांडगं असू द्या, चाकानं रूळ धरला तर गाडी हलणार. नाहीतर चाक जागच्या जागी नाचणार.”

मग त्यांनी मला डिझेल एंजिनाचे पोट उघडून दाखवले. माझी समजूत अशी, की मोटारीसारखे डिझेल जळते आणि चाके फिरतात. तसे नाही. डिझेलचे यंत्र चाकाला हातच लावत नाही. ते फिरवते जनित्र. त्यातून वीज निघते. ती वीज प्रत्येक आसाजवळच्या मोटारीला मिळते आणि ती मोटार चाक फिरवते. म्हणजे डिझेलचे एंजिन हे चाकांवर बसवलेले एक लहानसे वीजघर. कारण साधे आहे. डिझेलचे यंत्र बंद अवस्थेतून ओझे घेऊन सुरू होऊ शकत नाही, त्याला आधी मोकळे फिरावे लागते. आणि हजारो टनांच्या गाडीला मोटारीसारखा क्लच आणि गिअर लावायचा तर तो पहिल्याच झटक्यात जळून जाईल. विजेची मोटार मात्र उभ्या जागेवरूनच सर्वांत जास्त ओढ देते.

“आणि तो काळा धूर?” मी विचारले.

“तो जोराचा पुरावा नव्हे. आम्ही हँडल पुढं टाकलं की तेल लगेच वाढतं. हवा पुरवणारा टर्बो मागून वेग घेतो. तेवढा वेळ तेल अर्धकच्चं जळतं. तुम्ही धूर बघून आमची कीव केलीत, सर!”

या एंजिनांच्या नावांचा विग्रह करायला मला मौज वाटली. डब्ल्यूडीएम-२ यातला डब्ल्यू रुंद रुळांचा, डी डिझेलचा, एम मिश्र कामाचा. प्रवासी गाडीही ओढा आणि मालगाडीही. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा हा आराखडा. पहिली एंजिने १९६२ साली बोटीने आली, आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून आपल्याकडे बांधलेले पहिले एंजिन बाहेर पडले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि ही एंजिने आपल्या दारावरून जाऊ लागली. अल्कोने १९६९ सालीच एंजिने बांधणे थांबवले होते. आई गेली, मूल मात्र इकडे वाढत राहिले आणि त्याला दुरुस्त करण्याचे काम आपल्याच लोकांवर आले.

दुरुस्त्या तरी किती! मूळची निर्वात ब्रेकची एंजिने हवेच्या दाबाच्या ब्रेकची झाली. एकदिश जनित्राच्या जागी प्रत्यावर्ती जनित्र आले. पतियाळाच्या कारखान्यात मध्यम वयाची एंजिने पार उकलून २६०० ची ३१०० अश्वशक्तीची करण्यात आली. जोर वाढला. पण घाटात चाक नाचायचे ते नाचतच राहिले.

“का? तर एंजिन उलाळ होतं,” ते म्हणाले.

मी खुर्चीत पुढे सरकलो. ‘उलाळ’ हा बैलगाडीचा शब्द. मागे ओझे जास्त झाले, की गाडीचे जू वर उचलते आणि बैलांच्या मानेवरचा भार जातो. ती गाडी उलाळ झाली. एंजिन ओझे ओढू लागले, की त्याचेही वजन मागच्या आसांवर जाते आणि पुढचे आस हलके पडतात. हलके चाक आधी घसरते. जुन्या एंजिनाच्या एकेका बोगीत तीन आस. पण त्यांच्या मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या नव्हत्या, आसांमधली अंतरेही सारखी नव्हती. त्यामुळे हा उलाळपणा अधिकच जाणवे.

१९९५ साली मालगाडीसाठी म्हणून जे एंजिन निघाले, त्यात हात घातला गेला तो येथे. आधी त्याचे नाव डब्ल्यूडीजी-२. पुढे बारसे बदलून डब्ल्यूडीजी-३ए झाले. जी म्हणजे माल, तीन म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वर शंभर. यंत्र त्याच अल्को घराण्याचे. पण बोगी नवी: तिन्ही मोटारींची तोंडे एकाच दिशेला, आसांवर वजनाची वाटणी जास्तीत जास्त सारखी. वजन मुद्दाम वाढवून १२३ टन केले. मोटारीच्या अठरा दात्यांच्या चक्रासमोर आसावर पासष्टऐवजी चौऱ्याहत्तर दात्यांचे चक्र बसवले. म्हणजे वेगातून थोडे काढून ओढीत घातले. ताशी १२० किलोमीटरची धाव १०० वर आली.

“त्यानं काय साधलं?”

त्यांनी माझ्या वहीत आकडे मांडले. जुन्या एंजिनाची उभ्या जागेवरची ओढ सुमारे तीस टन, नव्याची अडतीसच्या आसपास. वजन वाढले शेकडा नऊ. ओढ वाढली शेकडा पंचवीस. वरची कमाई नुसत्या वजनाची नव्हे, रचनेची. त्यानंतर अमेरिकेच्याच जनरल मोटर्सच्या आराखड्याचे ४००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ १९९९ साली आले. हुबळीचे शेड हे त्याचे पहिले घर. वजन १२६ टन, म्हणजे अवघे तीनच टन जास्त. आणि ओढ त्रेपन्न टनांच्या घरात! तिथे मोटारी प्रत्यावर्ती विजेच्या, आणि चाकांवर नजर संगणकाची. तो चाक अगदी घसरू देत नाही असे नाही. किंचित, मोजून घसरू देतो. कारण पुरती पकड त्या किंचित घसरण्याच्या सीमेवरच मिळते. पलीकडे गेले की संपले.

“आम्ही ते बुडानं ओळखायचो,” ते हसून म्हणाले. “काटा हलायच्या आत खुर्ची सांगायची, चाक सुटणार म्हणून. हँडल एक घर मागं, रुळावर चिमूटभर वाळू, की पुन्हा पुढं.”

बोलता बोलता ते उठले आणि आतून एक जुनी वही घेऊन आले. पाने पिवळी पडलेली, कडा तेलकट. पुण्यापासून मिरजेपर्यंत एंजिन कुठे कुठे घसरते, त्याची ही नोंद. कोणत्या वळणावर झाडाची पाने रुळांवर पडून चेंगरतात. कोणत्या कटिंगमध्ये झरा पाझरतो. भिलवडी-नांद्र्याच्या बाजूला कृष्णेचे धुके पहाटे कोणत्या महिन्यांत रुळांवर बसते. एका पानावर लिहिले होते: ‘मोठ्या पावसास भिऊ नये. तो रूळ धुतो. भुरभुर वाईट. रूळ ओशट होतो.’

मी ती वही किती तरी वेळ चाळीत होतो. आमच्या या दोन जिल्ह्यांना लोखंडाचे वेड जुने आहे. साताऱ्याजवळच्या सातारा रोडला धनजीशा कूपरांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल एंजिने तयार होत होती. सांगलीकडे कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वाडी वसवली, आणि लोखंडी नांगराने जमीन नासेल म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना तोच नांगर घ्यायला लावला. त्या कारखान्यांचा इतिहास लिहिला गेला, पुतळे उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. पण यंत्र बांधणाऱ्याइतकेच ते चालवणाराही त्याला ओळखतो. त्याचे शहाणपण अशा तेलकट वह्यांतून असते आणि वही रद्दीत गेली की संपते.

“आता तारा आल्या,” ते म्हणाले. “२०२४ च्या सप्टेंबरात पुण्याहून कोल्हापूरला आणि हुबळीला वंदे भारतसुद्धा सुरू झाली. डिझेलं पुष्कळ मोडीत गेली. माझी मुलगी विजेच्या एंजिनावर असिस्टंट आहे. तिला ही वही दिली, तर म्हणाली, बाबा, आता हे सगळं संगणक बघतो.”

हे त्यांनी सहज सांगितले. पण सांगताना वहीची कड अंगठ्याने सारखी करीत होते.

मी काय बोलणार? मराठीच्या वर्गात दर वर्षी दोन बाके रिकामी होताना मी पाहतो. मी आवाज चढवतो, टिपणे वाढवतो, जोर लावतो, आणि चाक जागच्या जागी फिरते. या गृहस्थाने त्या सकाळी मला विचारले असते, “सर, तुमची पकड कुठं सुटते?” तर माझ्याजवळ अशी एकही वही नव्हती.

मग मी त्यांना वाराणसीची हकीकत सांगितली. येण्यापूर्वी मी थोडे वाचून गेलो होतो. डब्ल्यूडीजी-३ए जातीच्या दोन डिझेल एंजिनांचे तिथे विजेवर चालणारे एक जोडएंजिन करण्यात आले. १०,००० अश्वशक्तीचे, तेही ६९ दिवसांत. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर ते कारखान्याबाहेर पडले. अर्थात त्यांना हे पाठच होते.

“तो प्रयोग फार पुढं गेला नाही,” ते म्हणाले. “पण मला एक सांगा सर, ते एंजिन जुनं म्हणायचं का नवं?”

मला आजीची गोधडी आठवली. तिच्यात दर दोन वर्षांनी नवे लुगडे पडे, जुना थर आत जाई. पण घरात सगळे तिला आजीचीच गोधडी म्हणत. मी तसे म्हणालो. ते नुसते हसले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही.

निघताना मी ती वही उतरवून घेण्यासाठी मागितली. “शुद्धलेखन तेवढं सुधारा,” ते म्हणाले. तीन आठवडे लागले उतरवायला. शुद्धलेखनाला मी हात लावला नाही. ‘ओशट’ला ओशटच ठेवले, ‘उलाळ’ला उलाळ.

वही परत करायला गेलो तेव्हा मुलगी ड्यूटीवरून नुकतीच आली होती. हातपाय धुऊन तिने वही हातात घेतली, दोनचार पाने उलटली आणि वडिलांना विचारले, “बाबा, हा झऱ्याचा रूळ नेमका कुठल्या खांबाजवळ? परवा आमचं तिथंच घसरलं.”

त्यांनी चष्मा लावला. तारांचे खांब त्यांच्या काळी नव्हतेच. तेव्हा पूल आणि फाटक यांच्या खुणांवरून दोघांचा हिशेब सुरू झाला. माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मी चपला घातल्या. तेवढ्यात त्यांना आठवण झाली आणि ते आतूनच म्हणाले, “सर, दुरुस्ती तेवढी छापा हं!”

तर वाचकहो, मागल्या अंकातली चूक अशी सुधारून वाचावी: आदर्कीच्या घाटात त्या संध्याकाळी एंजिनांचा जोर अपुरा पडत नव्हता. भुरभुर होती. रूळ ओशट झाला होता.