गरम रम : पेय म्हणा, औषध म्हणू नका

डिसेंबर उजाडला, घाटावर शेकोट्या पेटू लागल्या, की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. सर्दी, खोकला, अंगदुखी सांगून झाली, चिठ्ठी हातात पडली, की रुग्ण दारापर्यंत जातो, मागे वळतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टरसाहेब, रातच्याला थोडीशी रम गरम करून घेतली तं चालते ना? मिरं-लवंग टाकून. दवाई म्हणून." विचारणारा दारुडा नसतो. तो शिक्षक असतो, कास्तकार असतो, फौजेतून निवृत्त झालेला असतो. एकदा तर एका सत्तरीच्या आजीबाईंनी नातवासाठी हाच प्रश्न विचारला होता. नातू आठ महिन्यांचा होता.

पुढे नाताळच्या सुट्ट्या येतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे गावी येतात, शेतात हुरडा भाजला जातो आणि त्याच आगटीवर पातेल्यात पाणी, गूळ, दालचिनी, लवंग उकळून त्यात बाटली रिकामी केली जाते. वास छान सुटतो, यात शंका नाही. पहिला घोट पोटात उतरला, की छातीत ऊब पसरते, कान गरम होतात आणि मग कुणीतरी म्हणतेच, "थंडीवर याच्यासारखे औषध नाही." माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

हा प्रकार मूळचा थंड मुलखातला. रम उसाच्या मळीपासून होते. इंग्रजांच्या आरमारात खलाशांना तिचा रोजचा रतीब असे. खलाशी झिंगून पडू लागले, म्हणून १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी ती पाणी घालून वाटायचा हुकूम काढला. पुढे हा रतीबच ३१ जुलै १९७० रोजी कायमचा बंद झाला. तिकडच्या घरांतून हिवाळ्यात दारूत गरम पाणी, साखर, लिंबू, दालचिनी, जायफळ घालून पितात. रममध्ये कधी लोण्याचा गोळाही सोडतात. यातल्या एका पेयाला ते 'हॉट टॉडी' म्हणतात. हा टॉडी शब्द आपल्या ताडीवरून गेलेला. शब्द इकडून गेला आणि मसाल्याची बाटली होऊन परत आला! बर्फात अडकलेल्या वाटसरूला गळ्यातल्या पिंपातली ब्रँडी पाजणारा सेंट बर्नार्ड कुत्रा आपण चित्रांत पाहिलेला असतो. ते पिंप एडविन लँडसियर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली काढलेल्या एका चित्रामुळे जगभर गेले. ज्या मठात ही कुत्री पाळली जात, तिथले साधू मात्र सांगतात, की आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पिंप कधी नव्हतेच. दारूने थंडी जाते ही समजूत अशी चित्रांतून आणि गप्पांतून पक्की झालेली आहे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. आपल्या शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर थंडी पडली, की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. गरम रक्त आतल्या आत, हृदय, फुप्फुसे, मेंदू यांच्याकडे राखले जाते. त्यामुळे हातपाय गार पडतात, पण जीव सुरक्षित असतो. दारू पोटात गेली, की नेमक्या याच रक्तवाहिन्या सैल होतात. आतले गरम रक्त कातडीकडे धावते. थंडी-ऊन ओळखणाऱ्या नसांची टोके कातडीतच असल्याने आपल्याला वाटते, अंग तापले. प्रत्यक्षात घरातली ऊब दार उघडून अंगणात सोडावी तसे झालेले असते. अंगणात बसलेल्याला बरे वाटते आणि घर गार होत जाते. शिवाय थंडीत अंग थरथरते तेही ऊब निर्माण करण्यासाठीच. दारूने ती थरथर मंदावते. तिसरी गोष्ट, उपाशीपोटी घेतली तर यकृत दारू पचवण्यात गुंतते आणि रक्तातली साखर राखण्याचे त्याचे काम मागे पडते. म्हणजे चूलही मंद आणि सरपणही संपत आलेले.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. ते म्हणतात, "साहेब, आम्ही घेतली ती ड्युटी संपल्यावर, बराकीत, जेवणाच्या आधी. पहाऱ्यावर जाताना कोणी घेत नव्हतं." फौजेतली रम आपण उचलली, हा नियम तिथेच ठेवून आलो.

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट नुसत्या चर्चेची नाही. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस एकच. ज्या भागात शेतीपंपाची वीज अजून रात्रीच्या पाळीत येते, तिथला कास्तकार रात्री अकरा-बाराला विहिरीवर जातो. पाय चिखलात, पाणी बर्फासारखे, अंगावर एक घोंगडी. निघताना दोन घोट "थंडीसाठी" घेतले जातात. त्या माणसाला मी नावे ठेवत नाही. त्याच्या जागी रात्रभर बारे देत उभे राहिल्याशिवाय त्याची थंडी कळायची नाही. पण त्या दोन घोटांनी त्याची ऊब लवकर निघून जाते, पाय अडखळतो, झोप येते. समोर कठडा नसलेली विहीर असते, ओल्या हाताने लावायचे स्टार्टर असते आणि बांधावर कधी सापही असतो. उपाशीपोटी घेऊन कुणी बांधावर पडला आणि तसाच झोपला, तर सकाळपर्यंत त्याचे अंग गार पडते. लोक म्हणतात, जास्त झाली असेल. कित्येकदा जास्त झालेलीही नसते.

काही जण म्हणतात, "आम्ही उकळून घेतो, दारू उडून जाते, नुसता अर्क राहतो." दारू ७८ अंशांना उकळते हे खरे, म्हणून ती पाण्याच्या आधी पूर्ण उडते असे मात्र नाही. अमेरिकेत याची मोजदाद झालेली आहे. उकळत्या पदार्थात दारू घालून भांडे लगेच उतरवले, तर सुमारे ८५ टक्के दारू तशीच राहते. पंधरा मिनिटे मंद उकळली तरी ४० टक्के राहते आणि अर्ध्या तासाने ३५ टक्के. आपले लोक भांडे उतरवतानाच रम घालतात, नाहीतर चव जाते. म्हणजे जवळजवळ सगळीच पोटात जाते. हातभट्टीची असेल तर बोलायलाच नको. तिच्यात काय आहे हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मसाला घालून आणि उकळून ते विष उतरत नाही.

थोडे गणित करू. ओल्ड मंक ही रम १९५४ पासून आपल्याकडे मिळते. अशा रममध्ये साधारण ४२.८ टक्के दारू असते. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध दारू गेली. ती पचवायला यकृताला अडीच-तीन तास लागतात. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात या एका पेगने शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास दारू चढते. वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा तीस आहे. हुरडा खाऊन राजूर घाटाने किंवा बोथ्याच्या घाटाने मोटारसायकलवर उतरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता त्या आठ महिन्यांच्या नातवाकडे येऊ. वजन आठ किलो धरा. त्याला चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर ब्रँडी पाजली, तर त्याच्या रक्तातली दारूही वाहनचालकाच्या मर्यादेला टेकते, किंबहुना ओलांडते. एका चमच्याने! बाळ शांत झोपते, घरचे म्हणतात गुण आला. गुण आलेला नसतो, बाळाला चढलेली असते. त्याचे यकृत अजून कोवळे असते आणि साखरेचा साठा थोडा. साखर उतरली तर झटके येऊ शकतात. ब्रँडी छातीला चोळणेही तितकेच वाईट. ती उडते तेव्हा अंग गार करते आणि तिची वाफ बाळाच्या नाकात जाते. आजीबाईंना मी हे समजावले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी सारेच देत होते." देत होते, हे खरेच आहे. त्या काळी किती बाळे हिवाळा काढत नव्हती, तेही आजीबाईंनाच जास्त ठाऊक.

बाळंतिणीला ऊब यावी म्हणून ब्रँडी देण्याची चाल काही घरांत अजून आहे. आईच्या रक्तात जितकी दारू, साधारण तितकीच दुधात उतरते आणि दूध सुटायलाही अडथळा होतो. अळीव, डिंक, सुंठ यांवर आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या उठून कामाला लागल्या, त्यात बाटलीची भर घालण्याचे कारण नाही.

वयस्कर मंडळींचे तर औषधांचे डबे भरलेले असतात. साखरेच्या काही गोळ्यांबरोबर दारू गेली, की साखर एकदम उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर घेतली, की पहाटे उठताना भोवळ येते आणि मांडीचे हाड मोडते. सर्दीच्या गोळीने आधीच गुंगी असते, झोपेच्या गोळीबरोबर तर श्वासच मंदावतो. आणि हृदयाचे म्हणाल, तर सुट्टीत चार दिवस पिऊन छातीत धडधड घेऊन येणारे रुग्ण पाहून अमेरिकेतील डॉ. एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नावच देऊन टाकले.

हा औषधाचा शिक्का दारूवर कुणी मारला? थोडा दोष आम्हा डॉक्टर मंडळींच्या जुन्या पिढ्यांचा आहे, थोडा कायद्याचाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात 'आरोग्य परवाना' अशी तरतूद आहे. प्रकृती राखण्यासाठी ज्याला विदेशी मद्याची गरज आहे, त्याने तो घ्यावा! दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितले, की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

मग त्या पातेल्यातले गुणकारी काय होते? तर रम सोडून बाकीचे. त्यातही मुख्य म्हणजे गरमपणा. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दीवर काम करणारे एक केंद्र होते. तिथे २००८ मध्ये सर्दी झालेल्या तीस जणांवर प्रयोग झाला. फळांच्या रसाचे सरबत गरम आणि नेहमीच्या तापमानाचे असे दोन प्रकारे दिले. गरम सरबताने नाक गळणे, खोकला, शिंका यांबरोबर घशाची दुखण, हुडहुडी आणि थकवा यांनाही तिथल्या तिथे आराम वाटला. साध्याने शेवटच्या तिघांना वाटला नाही. त्यात दारूचा थेंब नव्हता.

चार जणांसाठी पाच कप पाणी घ्या. त्यात बोटाच्या पेराएवढे अद्रक ठेचून, चार लवंगा, सात-आठ मिरे, दालचिनीचा छोटा तुकडा आणि गवती चहाची दोन-तीन पाती टाका. मंद आचेवर दहा मिनिटे उकळा. दोन मोठे चमचे गूळ घालून विरघळू द्या, खाली उतरवून थोडे निवले, की अर्धे लिंबू पिळा. जायफळ घालायचे तर चिमूटभरच, जास्त झाले तर तेही बाधते. साखरेच्या रुग्णांनी गूळ वगळावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हा काढा देऊ नये आणि मधही चाटवू नये. त्याला आईचे दूध आणि अंगभर कपडे पुरेत. रात्री पाण्यावर जाणाऱ्याने हाच काढा थर्मासमध्ये भरून न्यावा, पोटभर भाकरी खाऊन निघावे, कानाला मफलर आणि पायात गमबूट असावेत, शक्यतो सोबतीला दुसरा माणूस असावा.

ज्यांना हौसेने, चवीसाठी घ्यायचीच आहे, त्यांना मी एका लेखाने थांबवू शकेन असा माझा समज नाही. त्यांनी ती दारू आहे असे म्हणून घ्यावी. जेवणाबरोबर, मोजून, तीस मिलिलिटरच्या वर नाही, घरात किंवा जिथे मुक्काम आहे तिथेच. त्या रात्री गाडी नाही, विहीर नाही आणि उघड्यावर झोपणे नाही. गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. यात संकोच करू नये, आम्ही रागावत नाही.

थंडीत कुणी गारठून पडलेला सापडला, तर त्याच्या तोंडाला बाटली लावू नका. ओले कपडे काढा, कोरड्या गोधडीत गुंडाळा, वारा लागणार नाही अशा जागी न्या. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर गोड गरम पाणी किंवा चहा घोट-घोट द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर निजवा. हातपाय जोराने चोळू नका, शेकोटीच्या अगदी जवळही नेऊ नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत श्वास चालू आहे ना, हे पाहत त्याच्याजवळ बसून राहा.