दीर्घ निरीक्षणाचे मोल

जबलपूरचा अधारताल हा भाग ज्या तलावावरून ओळखला जातो, तो राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले कृषी विश्वविद्यालयही येथेच आहे. आंब्याच्या कलमाची पारख एका हंगामात होत नाही, हे तेथील विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. वन्य प्राण्यांच्या अभ्यासाबाबत मात्र हे साधे सत्य आपण सहज विसरतो.

जेन गुडॉल यांचे उदाहरण घ्या. १९६० च्या जुलैमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्या आफ्रिकेतील गोंबेच्या अरण्यात चिंपांझींचा अभ्यास करण्यास गेल्या. त्या वेळी त्यांच्याजवळ विश्वविद्यालयाची पदवी नव्हती; होती ती केवळ चिकाटी. प्रथम कित्येक महिने चिंपांझी त्यांना पाहताच पळून जात. पुढे त्याच वर्षी एक नर वाळवीच्या वारुळात गवताची काडी घालून वाळवी टिपून खाताना त्यांना दिसला. चिंपांझी डहाळीची पाने ओरबाडून अशी काडी तयारही करतात, हेही त्यांनी पाहिले. हत्यार बनविणे हे केवळ मनुष्याचेच लक्षण होय, हा समज तेव्हा ढळला.

चिंपांझी मादीच्या दोन बाळंतपणांत साधारणतः पाच वर्षांचे अंतर असते. तेव्हा तीन वर्षांच्या अनुदानावर चाललेल्या संशोधनात एका पिलाचे दूध तुटणेही पाहावयास मिळत नाही. मग त्याच्या स्वभावाविषयी काय सांगावे? असे प्रदीर्घ निरीक्षण ही श्रीमंत देशांची चैन होय, असा आक्षेप घेतला जातो. आमच्या मते तो टिकत नाही.

याचा पुरावा मध्य प्रदेशातच आहे. १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी कान्हा येथे वाघ व हरिणे यांचा अभ्यास केला. तेथील बारशिंगे १९७० पर्यंत अवघे ६६ उरले. पाडसांना दडावयास उंच गवत लागते, आणि ते जाळण्याने व चराईने नाहीसे होते, हे निरीक्षणांतून ध्यानात आले. कुरणे राखली गेली आणि कळप पुन्हा वाढले. त्यासाठी गोंड व बैगा कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली, ही किंमत मात्र विसरून चालणार नाही. अज्ञानाने केलेले रक्षण याहूनही महाग पडते.

हे कार्य एकट्या व्यक्तीचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. मे १९७५ मध्ये गोंबे येथून चार विद्यार्थ्यांचे अपहरण झाले. त्यानंतर नोंदी चालू ठेवल्या त्या टांझानियातील स्थानिक सहकाऱ्यांनी. गुडॉल यांनी १९८६ नंतर आपले आयुष्य मुख्यतः चिंपांझींच्या व अरण्यांच्या रक्षणासाठी वेचले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु गोंबेची वही मिटलेली नाही.

अशी वही आपल्या शाळांतूनही उघडता येईल. गावातील वानरांची एक टोळी निवडावी, एकेक वानर ओळखावे, आणि वर्ग बदलला तरी वही पुढील वर्गाच्या हाती सोपवावी. ज्याला आपण एकेक म्हणून ओळखतो, त्याचा नाश आपण उदासीनतेने पाहू शकत नाही.