माठ, कूलर आणि डेटा सेंटर : थंडाव्याचा हिशेब कायद्याने मागायलाच हवा



आपल्या मुलांच्या हातातला मोबाईल गरम झाला की आपण लगेच म्हणतो, "ठेव तो खाली, थंड होऊ दे." पण त्या मोबाईलवर जो व्हिडिओ चालतो, जो गृहपाठाचा फोटो पाठवला जातो, ज्या एआयला प्रश्न विचारला जातो, ते सगळं काम खरं तर दुसरीकडेच चाललेलं असतं. हजारो संगणक एका इमारतीत रात्रंदिवस चालू असतात. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आणि तिथले संगणक "खाली ठेवता" येत नाहीत. ते सतत थंड ठेवावे लागतात.

हा थंडावा कुठून येतो, त्याची किंमत कोण मोजतं आणि सरकारने त्यात लक्ष घालावं की नाही, या विषयावर आज लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: सरकारने लक्ष घालायलाच हवं. पण अमुकच यंत्र वापरा असं सांगून नाही, तर वीज आणि पाणी या दोन्हींचा उघड हिशेब मागून.

आधी थोडं विज्ञान

संगणकाला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्वी संगणकांच्या एका कपाटाला (त्याला रॅक म्हणतात) साधारण पाच ते दहा किलोवॅट वीज लागायची. एआयसाठीच्या नव्या रॅकला सव्वाशे किलोवॅटच्या आसपास वीज लागते. मुलांना असं सांगा: घरातला दोन किलोवॅटचा गिझर डोळ्यांसमोर आणा, असे साठ गिझर एकाच कपाटात कोंबून चोवीस तास चालू ठेवले आहेत. मग थंड करायचं म्हणजे काय, ते त्यांना पटकन कळतं.

ही उष्णता बाहेर काढायचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एसीचा. कॉम्प्रेसर चालवायचा आणि गार हवा खेळवायची. यात वीज जाते.

दुसरा मार्ग आपल्या माठाचा. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं, हे आपण सातवी-आठवीत शिकवतोच. डेटा सेंटरच्या छतावरचे कूलिंग टॉवर हेच करतात. यात वीज कमी लागते, पण पाणी हवेत निघून जातं.

तिसरा मार्ग द्रवाने थंड करण्याचा. पाणी किंवा दुसरा द्रव नळ्यांमधून थेट चिपपर्यंत न्यायचा, नाहीतर अख्खा संगणक वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवायचा. एक घनमीटर पाणी तेवढ्याच हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून नव्या गरम रॅकना हवा पुरत नाही. पण लक्षात घ्या, द्रवाने उष्णता चिपपासून दूर नेली तरी ती संपत नाही. पुढे ती बाहेर टाकायला पुन्हा पंखे, कॉम्प्रेसर किंवा वाफ यांपैकी काहीतरी लागतंच.

म्हणजे थंडावा फुकट मिळत नाही. विजेचं बिल कमी केलं की बऱ्याचदा पाण्याचं बिल वाढतं. हा एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हे साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल असं याच संस्थेचं म्हणणं आहे. यातली थंड करण्यासाठीची वीज चांगल्या, मोठ्या केंद्रात सुमारे सात टक्के असते, तर जुन्या, ढिसाळ केंद्रात ती तीस टक्क्यांच्या वर जाते. एकच काम, पण कुणी ते सात टक्क्यांत करतं आणि कुणाला तीस लागतात! कायद्याला जागा आहे ती नेमकी इथे.

जर्मनीने काय केलं?

जर्मनीने २०२३ साली ऊर्जा कार्यक्षमता कायदा केला. त्यात ३०० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरसाठी नियम घातले. त्यातला मुख्य आकडा म्हणजे पीयूई. इमारतीची एकूण वीज भागिले फक्त संगणकांनी वापरलेली वीज, एवढंच ते सूत्र. पीयूई १ म्हणजे एकही युनिट इकडेतिकडे गेलं नाही. पीयूई १.५ म्हणजे संगणकांच्या १०० युनिटमागे थंडावा, दिवे वगैरेंसाठी आणखी ५० युनिट खर्च झाले.

या कायद्यानुसार जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना पीयूई १.२ च्या आत आणायचा आहे. जुन्या केंद्रांना जुलै २०२७ पासून १.५ आणि जुलै २०३० पासून १.३ ही मर्यादा. शिवाय नव्या केंद्रांनी आपल्या ऊर्जेचा काही भाग पुन्हा वापरात आणायचा: २०२६ साली सुरू होणाऱ्यांसाठी १० टक्के, २०२८ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर जातं. थंडीच्या देशात घरं गरम करायला नळातून ऊब पुरवतात, त्या जाळ्यात ही उष्णता सोडता येते. पॅरिसजवळ २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या जलतरण तलावाला शेजारच्या डेटा सेंटरची उष्णता देण्याची सोय केली, ती याच विचाराने.

या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की तो "द्रवच वापरा" किंवा "अमुक कंपनीचं यंत्र घ्या" असं म्हणत नाही. तो निकाल ठरवून देतो. कसा गाठायचा ते तुमचं तुम्ही बघा. आपणही परीक्षेत गणिताची रीत वेगळी असली तरी उत्तर आणि पायऱ्या बरोबर असतील तर गुण देतो ना? तसंच हे. तंत्रज्ञान दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. कायद्यात यंत्राचं नाव लिहिलं की कायदा लगेच जुना होतो.

फक्त एक आकडा मोजला तर?

आता या पद्धतीतली उणीव बघा. पीयूईमध्ये पाणी कुठेच नाही! एखाद्या केंद्राने कॉम्प्रेसर बंद करून सगळी उष्णता पाण्याची वाफ करून घालवली तर त्याचा पीयूई झकास दिसेल. कागदावर शाबासकी, आणि गावाच्या विहिरीत खडखडाट.

हे गणित नववीची मुलंही करू शकतात. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तीस अंश सेल्सिअसच्या आसपास एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४३० किलोज्यूल लागतात. म्हणजे एक युनिट उष्णता घालवायला जवळजवळ दीड लिटर पाणी. एक मेगावॅटचं केंद्र तासाला १००० युनिट उष्णता टाकतं. ती सगळी वाफेनेच घालवली तर तासाला १५०० लिटर, दिवसाला ३६ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज! आणि आजची मोठी केंद्रं एक मेगावॅटची नसतात, दहा-वीसपासून शंभरावर मेगावॅटची असतात. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणं काय असतं, हे मराठवाड्यातल्या पालकांना मी सांगायला नको.

दुसऱ्या बाजूचंही गणित मांडा. त्याच एक मेगावॅटच्या केंद्राचा पीयूई १.५ वरून १.२ वर आला तर तासाला ३०० युनिट वाचतात, वर्षाला सव्वीस लाखांहून जास्त. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या सुमारे अकराशे घरांची ती वर्षाची वीज झाली. म्हणून वीजही महत्त्वाची आणि पाणीही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही.

युरोपीय संघाने हे ओळखलं आहे. तिथे ५०० किलोवॅटपेक्षा मोठ्या केंद्रांना विजेबरोबर पाण्याचा वापरही दरवर्षी कळवावा लागतो. पण एकेका केंद्राचे आकडे गोपनीय राहतात, लोकांना फक्त एकत्रित बेरीज दिसते. हे मला पटत नाही. आपल्या गावातलं केंद्र किती पाणी पितं, हे त्या गावाला कळायला नको का?

आपल्याकडचं काय?

हा विषय परदेशापुरता नाही. देशातल्या डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहे. ऐरोली, रबाळे, महापे भागातून लोकलने जाताना त्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला. त्यातून कर्ज मिळणं सोपं झालं. राज्यंही सवलती देऊन केंद्रं आपल्याकडे ओढताहेत. रोजगार येतो, सेवा सुधारतात, याला विरोध असायचं कारण नाही. पण सवलत देताना हिशेब मागायचा नाही, हे कुठलं शहाणपण?

जर्मनीचा कायदा जसाच्या तसा उचलूनही चालणार नाही. तिथली हवा थंड, आपली गरम. तिथे वाया जाणारी ऊब घरांना देता येते. मे महिन्यात नवी मुंबईत फुकट ऊब कोण घेणार? शिवाय आपल्या राज्यातही हवा एक नाही. नागपुरात वाळ्याचा कूलर खोली गारेगार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता घाम आणतो, कारण कोकणपट्टीच्या दमट हवेत पाण्याची वाफ होणंच अवघड. मग दोन्हीकडे एकच नियम कसा लावणार?

म्हणून जर्मनीपेक्षा सिंगापूरकडे बघावं असं मला वाटतं. तिथली हवा कोकणासारखी, गरम आणि दमट. जागा आणि वीज अपुरी पडते म्हणून त्यांनी २०१९ पासून काही वर्षं नव्या केंद्रांना परवानगीच थांबवली होती. नंतर कडक अटींवर दार उघडलं आणि २०२३ साली उष्ण कटिबंधातल्या केंद्रांसाठी मानक आणलं. त्याचा गाभा साधा आहे: संगणकांना विनाकारण थरथर कापेपर्यंत गार करू नका, तापमान हळूहळू २६ अंश सेल्सिअस किंवा वर न्या. एक अंश वाढवला तरी थंडाव्याची दोन ते पाच टक्के वीज वाचते.

"सरकार कशाला यात पडतं?" असं कुणी म्हणेल. पण ते आपल्या घरात आधीच पडलेलं आहे. एसीवरचे तारे कायद्यामुळेच आले. २०२० पासून तारांकित एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर लागतो, तोही नियमच. घरातल्या दीड टनाच्या एसीला नियम आणि हजारो टनांच्या थंडाव्याला फक्त सवलत, हा न्याय झाला का?

माझ्या मते आपल्या कायद्यात निदान चार गोष्टी हव्यात:

१. प्रत्येक मोठ्या केंद्राने वीज आणि पाणी, दोन्हींचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. केंद्रवार, नुसती बेरीज नको.
२. मर्यादा हवामानानुसार ठरवावी. विदर्भाला वेगळी, कोकणाला वेगळी.
३. थंडाव्यासाठी पिण्याचं पाणी नको. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. नवी मुंबईत असं पाणी उद्योगांना देण्याची सोय उभी राहिलेली आहे.
४. जमीन, वीज आणि करातली सवलत या आकड्यांशी बांधावी. चांगलं काम, जास्त सवलत.

खर्च वाढेल, उद्योग दुसऱ्या राज्यात जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच हा नियम केंद्राचा हवा, म्हणजे राज्याराज्यांत "आमच्याकडे विचारणारं कुणी नाही" अशी स्पर्धा लागणार नाही.

वर्गात काय करता येईल?

हा पाठ पुस्तकात यायची वाट बघू नका. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीला ओलं फडकं गुंडाळा, दोन्ही पंख्याखाली ठेवा आणि अर्ध्या तासाने तापमान मोजा. किती पाणी उडालं तेही फडकं वजन करून मोजायला लावा. मग वरची दोन गणितं फळ्यावर सोडवा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: "तुम्ही आमदार असता तर वीज वाचवणारा नियम केला असता की पाणी वाचवणारा?" बघा, वर्ग कसा भांडतो ते! विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच तासात होतं.

पालकांनो, "मोबाईल बंद कर, वीज जाते" एवढंच मुलांना सांगून भागणार नाही. एका मुलाने एक व्हिडिओ कमी पाहिल्याने फार काही वाचत नाही. नियम नीट असले तर मात्र लाखो युनिट आणि कोट्यवधी लिटर वाचतात. आज वर्गात बसलेली मुलं पाच-सात वर्षांत मतदार होतील. आपल्या गावात अशी इमारत उभी राहताना "वीज किती घेणार आणि पाणी किती?" हे दोन प्रश्न त्यांना विचारता आले पाहिजेत, आणि उत्तर मिळण्याचा हक्क कायद्याने त्यांना दिलेला असला पाहिजे.