पुष्पचक्र : शब्द जपून योजावा

नव्या पेढीच्या उद्घाटनास स्नेहीजन फुलांची गोल सजावट पाठवितात. आभारपत्रात तिचा उल्लेख करताना एखाद्याच्या लेखणीतून ‘पुष्पचक्र’ हा शब्द सहज उतरतो. शब्द संस्कृत आहे, भारदस्त आहे. तथापि शुभप्रसंगी तो योजणे उचित नव्हे.

व्युत्पत्ती पाहता त्यात अशुभ काहीच नाही. पुष्प म्हणजे फूल, चक्र म्हणजे वर्तुळ. परंतु नाण्याचे मोल जसे केवळ धातूवर ठरत नाही, तसे शब्दाचे मोल केवळ व्युत्पत्तीवर ठरत नाही. ते चलनावर ठरते. इंग्रजीतील ‘रीथ’ नाताळात दारावर टांगतात, विजेत्याच्या मस्तकी ठेवतात आणि समाधीवरही वाहतात. मराठीतील ‘पुष्पचक्र’ मात्र यांपैकी शेवटच्या अर्थीच रूढ झाले. १ मे रोजी मुंबईच्या हुतात्मा चौकात किंवा २६ जानेवारीस दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर जे अर्पण होते, ते पुष्पचक्र. साहजिकच हा शब्द वाचताच मनात श्रद्धांजलीचा भाव उमटतो.

मग शोभेच्या फुलांसाठी आपल्याकडे शब्दांची वाण आहे काय? मुळीच नाही. मस्तकावर धारण करावयाच्या पुष्पमालेस संस्कृतात ‘शेखर’ आणि ‘आपीड’ अशी नावे आहेत. आपल्या घरोघरी आढळणारे शेखर हे नाव त्याच कुळातले. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील ६४ कलांच्या यादीत माला गुंफणे आणि शेखर-आपीड रचणे यांना स्वतंत्र स्थान आहे. मराठीने तर प्रत्येक पुष्परचनेस निराळे क्रियापद दिले : हार घालावा, गजरा माळावा, तोरण बांधावे आणि पुष्पचक्र अर्पण करावे किंवा वाहावे. ‘पुष्पचक्र घातले’ असे लिहिणे म्हणूनच कानाला खटकते.

व्यापारात एका शून्याने रक्कम बदलते. पत्रात एका शब्दाने प्रसंग बदलतो. शुभेच्छेच्या पत्रात ‘फुलांची गोल सजावट’ किंवा ‘पुष्परचना’ असे साधे शब्द लिहावेत. शोकसंदेशात मात्र ‘पुष्पचक्र’ निःसंकोच लिहावे. तेथे त्या शब्दाइतका संयत आणि आदरयुक्त दुसरा शब्द क्वचितच सापडेल. पत्र पाठविणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, वाचणाऱ्याच्या हाती शेवटी शब्दच पडतात.