यादी कोणी लिहायची?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या मावळात बैठका सुरू होतात. ओसरीवर सतरंजी पसरली जाते. दोन्हीकडचे वडील, चुलते, मामा आणि गावातली चार वजनदार माणसे बसतात. ज्याचे अक्षर बरे तो यादी लिहायला घेतो. सोने किती तोळे, भांडी कोणती, गाडी द्यायची की नाही, हॉलचे भाडे कोणाकडे, मानपान कोणाकोणाचा. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत जाते. यादीखाली दोन्हीकडच्या कारभाऱ्यांच्या सह्या होतात. जिचे लग्न, तिची सही त्या कागदावर कुठेच नसते.

तिची सही लागते, पण वेगळ्याच कागदावर. मला आज लिहायचे आहे ते त्या कागदाबद्दल.

गेल्या लग्नसराईत अंदर मावळातली एक मुलगी आमच्या कामशेतच्या केंद्रावर आली. बारावी झालेली, एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. बस्ता बांधून झाला होता, पार्लर ठरले होते, हायवेवरच्या लॉनला इसार दिला होता. ती म्हणाली, "ताई, एकच विचारायचं होतं. लग्नाआधी वडगावला जाऊन सही करायची म्हणतोय दादा."

"कशावर सही?"

"हक्कसोड. सगळ्याच बहिणी देतात ना? माझ्या लग्नासाठी दहा गुंठे विकलेत. आता आणखी कशाला वाटा मागायचा?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अपराधीपणा होता. मला चीड आली ती त्याचीच. लॉन तिने निवडले नव्हते. हजार पानांचे जेवण तिने मागितले नव्हते. दहा गुंठ्यांचे पैसे गेले लॉनवाल्याला, डेकोरेशनवाल्याला, डीजेला, सोयऱ्यांच्या पोशाखांना आणि भावकीतल्या इभ्रतीला. हिशेब मात्र तिच्या नावावर लिहिला गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच घरात दादाचे लग्न झाले, त्यालाही जमीन विकूनच पैसा उभा केला होता. दादाकडून कोणी हक्कसोड लिहून घेतले का?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण प्रत्येक बैठकीत मोठ्याने विचारायला हवा. मुलाच्या लग्नाचा खर्च हा घराचा खर्च, आणि मुलीच्या लग्नाचा खर्च हा तिचा वाटा, हे गणित कोणत्या कायद्यात लिहिले आहे? कुठल्याच नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 2005 मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने येतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे मोडत नाहीत. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. पण लग्न झाले म्हणून हक्क संपतो, असे कायदा कुठेही म्हणत नाही. हक्क संपतो तो आपल्या सहीने.

मावळात या सहीची किंमत काय आहे? 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तळेगावला कारखाने आले, पवना धरणाच्या काठी बंगले उठले, लोणावळ्याभोवती रिसॉर्टे झाली. भाताच्या खाचराचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. जमिनीला भाव नव्हता तेव्हा बहिणीच्या सहीची आठवण कोणाला फारशी होत नव्हती. आता दलाल बांधावर उभा राहिला, की आधी बहिणींना बोलावणे जाते. सही झाली की साडीचोळी होते. लाखांची जमीन आणि बदल्यात एक साडी! याला आपण माया म्हणतो.

लोणावळ्याच्या रिसॉर्टात मुंबईची लग्ने होतात. पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये बाया गुलाब तोडतात, तसलेच गुलाब मांडवांना लागतात. त्याच लग्नांत आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी भांडी घासायला जातात. त्यांच्या मुलींनाही तसा मांडव हवासा वाटतो. मी त्यांना हसणार नाही. आयुष्यात एक दिवस सगळ्यांनी आपल्याकडे पाहावे, असे वाटण्यात गुन्हा नाही. पण त्या एका दिवसाचे बिल तिने जन्मभर फेडायचे, याला माझा विरोध आहे.

मे 2025 मध्ये शेजारच्या मुळशी तालुक्यात एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप झाला. मग इकडेही साध्या लग्नाच्या चर्चा झाल्या. डीजे नको, पाहुणे कमी करा, सत्कार नकोत. चांगलेच आहे. पण त्या चर्चाही ओसरीवरच झाल्या, आणि मी ऐकल्या त्यांत मुलीच्या वाट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. खर्च वाचवायचा, मग वाचलेले कोणाचे? आपल्या संघटनांनाही मी हेच विचारते. आपण वर्षानुवर्षे साध्या लग्नाची शिबिरे घेतली. नवरीच्या हातात कोणता कागद असावा, हे किती शिबिरांत शिकवले?

म्हणून लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला, बस्त्याच्या आधी, मी ही यादी देते.

एक, वडिलांच्या जमिनीचा सातबारा काढून पाहा. गट नंबर लिहून ठेवा.

दोन, लग्नाच्या धामधुमीत कोणत्याही कागदावर सही करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जाते, ते सहज मागे घेता येत नाही. "वकिलाला दाखवते," एवढेच म्हणा.

तीन, तुम्हाला मिळालेल्या वस्तूंची यादी स्वतः लिहा. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते; खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. 1985 च्या नियमांप्रमाणे नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनेच ठेवायची असते. स्त्रीधन तिचे एकटीचे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सांगितले आहे. ही यादी हुंड्याला परवानगी नव्हे. मागून घेतलेले ते हुंडाच, आणि तो गुन्हाच.

चार, विवाहाची नोंदणी करा. महाराष्ट्रात 1998 चा कायदा आहे. मुदत 90 दिवसांची, साक्षीदार तीन. लग्नाचे फोटो हा नोंदणीचा दाखला नव्हे.

पाच, बँकेचे खाते, शाळेचा दाखला, आधार आणि स्त्रीधनाच्या यादीची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा. एक प्रत विश्वासाच्या मैत्रिणीकडे द्या.

"वाटा मागितला तर माहेर तुटेल," ही भीती खोटी नाही. तुटणार नाही असे वचन मी त्या मुलीला देऊ शकले नाही. पण दुसरी बाजूही मी रोज पाहते. मार खाऊन लेकरासह परतलेल्या बाईला भाऊ विचारतो, "तुझं आता इथं काय आहे?" आणि खरोखरच काही नसते, कारण तिनेच ते लिहून दिलेले असते. सहीवर टिकणारे माहेर गरजेच्या दिवशी टिकत नाही.

याच पुणे जिल्ह्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी भटजीशिवाय पहिला विवाह लावला. पुढे जोतीरावांनी रचलेल्या विवाहविधीत नवरी सर्वांसमोर स्त्रियांचे हक्क मागते. दीडशे वर्षांनी आपली नवरी चहाचा ट्रे ठेवून आत जाते!

त्या मुलीने लग्नाआधी सही केली नाही. दादा आठवडाभर बोलला नाही. लग्न लागले, मांडवात तोही उभा राहिला. कागद अजून अधूनमधून पुढे येतो. ती म्हणते, "वाचून सांगते." तिचा वाटा अजून तिच्या हाती आलेला नाही, पण गेलेलाही नाही.

आता पुढच्या बैठकीला आपल्यापैकी दोघींनी ओसरीवर जाऊन बसायचे. नवरीला शेजारी बसवायचे. आणि यादी लिहायला पेन तिच्या हातात द्यायचे.